राक्षसाचा नमस्कार

माझ्या हातून आयुष्यात जे काही बरं झालं, त्यात सगळ्यात मोठा वाटा अनंत रामचंद्र साळवी यांचा आहे. हे नाव घेतलं की ऐकणारा आदराने मान डोलावतो. त्याला वाटतं, हे कुणीतरी हेडमास्तर असणार, गरिबाच्या पोराची फी माफ करणारे. मग मला सांगावं लागतं की साळवीकाका मूळचे चिपळूणचे, लंडनजवळच्या स्लाऊ गावातल्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले, आणि तरुणपणी काही आठवडे राक्षस होते. एवढं ऐकल्यावर मान डोलायची थांबते आणि लोक चहाच्या कपाकडे वळतात. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहायला घेतलं आहे.

करमाळ्याला एसटी स्टँडच्या मागे माझ्या वडिलांचं पंक्चर काढायचं दुकान होतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला, आणि पदवीचा कागद हातात घेतलेलाही पहिलाच. तो कागद वडिलांनी दुकानात, हवा भरायच्या पंपाच्या वर, काचेत लावला होता. पुढे पुण्यात कॉम्प्युटरवर चित्रं हलवायचा कोर्स केला आणि एका कंपनीने मला उचलून थेट इंग्लंडात आणलं. कंपनीचं नाव मी घेत नाही, आणि ज्या चित्रपटाची ही गोष्ट आहे त्याचंही घेणार नाही. तसा करार मी सही करून दिलेला आहे, आणि ज्यांनी आपल्याला पहिल्यांदा विमानात बसवलं त्यांच्याशी केलेला करार माणसाने पाळावा. कंपनीचे माझ्यावर खरोखर उपकार आहेत. माझ्यावरच काय, जुन्या चित्रपटांवरही आहेत. ते बिचारे जसे होते तसेच पडून राहिले असते. कंपनीने त्यांना सुधारायला घेतलं. ज्यांनी ते बनवले होते ते बहुतेक वारले होते, त्यामुळे त्यांच्याकडून काही तक्रार आली नाही.

राहायला जागा मिळेना. लंडनात ईलिंगला एक-दोन खोल्या पाहिल्या, पण सगळ्यांना आधीच्या घरमालकाचं पत्र हवं होतं. माझे आधीचे घरमालक म्हणजे माझे वडील. शेवटी स्लाऊतल्या एका किराणा दुकानाच्या काचेवर मराठीत लिहिलेली चिठ्ठी दिसली: ‘खोली आहे. माणूस पाहून.’ पत्त्यावर गेलो. दार उघडणारे गृहस्थ इतके उंच होते की चौकटीखालून वाकून बाहेर आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“गाव कुठलं?”

“करमाळा.”

“म्हणजे कमलादेवीचं. मग तुला भाकरी लागणार.” ते आत वळून ओरडले, “अगं, बाजरीचं पीठ आणावं लागेल!”

“आधी चपला बाहेर काढतो का विचारा,” आतून आवाज आला. त्या सुमनकाकू. मुलाखत संपली.

ते घर विमानांच्या वाटेवर होतं. हीथ्रोला उतरणारं विमान छपरावरून गेलं की कपाटातल्या कपबशा किणकिणायच्या आणि बोलणं आपोआप थांबायचं. काका वाक्याच्या मध्यावर थांबत, बोट वर करून विमान जाऊ देत, आणि पुढच्या शब्दापासून बरोबर सुरुवात करत. त्यांच्याकडे आलेली नवी माणसं या थांब्याला फार मोठा विचार समजायची. पुढच्या खोलीतल्या, घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर कायम पंचे वाळत पडलेले असत. स्वयंपाकघरात काकूंनी कोकणाची जमेल तेवढी सोय लावून घेतली होती. कोकम संपलं की त्या रुबार्ब नावाच्या तिथल्या आंबट काड्या घालून आमटी करायच्या, आणि ती इतकी चांगली व्हायची की पुढे भारतात गेल्यावर मला कोकमाच्या आमटीत काहीतरी कमी वाटायला लागलं. आजही मार्केटमध्ये रुबार्बच्या गुलाबी काड्या दिसल्या की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या मुलांना वाटतं त्यांचा बाप इंग्रज झाला.

काकांनी मला इंग्लंड शिकवलं. मी ऑफिसात सगळ्यांना सर म्हणायचो आणि दाराला धक्का लागला तरी दाराची माफी मागायचो. “सर म्हणू नकोस रे दिगू,” काका म्हणाले. “इथे सर म्हटलं की माणूस घाबरतो, त्याला वाटतं हा आता काहीतरी मागणार. आणि एक लक्षात ठेव. यांची चूक दाखवायची नाही. यांचं बरोबर आहे ते अजून बरोबर कसं होईल, तेवढंच सांगायचं. कारखान्यात आख्खी मशीनलाइन मी अशी फिरवून घेतली.” मी हे पोथी ऐकावी तसं ऐकून घेतलं. पदवीच्या सगळ्या वर्षांत इतकं उपयोगी काही माझ्या कानावर पडलं नव्हतं.

पहिल्या दिवाळीला मला राक्षस कळला. फराळाची ताटं पुढच्या खोलीत आली, काकांची मुलगी मीना लंडनच्या दुसऱ्या टोकाच्या इल्फर्डहून आली, आणि काकूंनी टीव्हीखालच्या कपाटातून एक जुनी व्हिडिओ कॅसेट काढून पदराने पुसली. मीना स्लाऊतच जन्मलेली, कौन्सिलात, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, नोकरीला. तिचं मराठी घाईघाईने सूटकेस भरल्यासारखं होतं. सगळं आत असायचं, पण जागेवर काही नाही. “दिगू, तू बाबाचा पिक्चर नाही पाहिला? ओ माय गॉड. तू इथे बस. बेस्ट सीट.”

काळा-पांढरा इंग्रजी चित्रपट. एका गावाबाहेरच्या पाणी भरलेल्या खाणीतून एक राक्षस निघतो, चिखलाने लडबडलेला, आणि गाव तुडवतो. काका तेव्हा नुकतेच इंग्लंडात आलेले होते. जवळच्या एका स्टुडिओतला माणूस कारखान्याच्या दारात उभा राहून सुटणाऱ्या पाळीतली डोकी पाहत होता, आणि काकांचं डोकं सगळ्यांच्या वर होतं. “त्याला ॲक्टर नको होता,” काका सांगत. “उंच माणूस हवा होता आणि रबरात दिवसभर बसून कुरकुर न करणारा हवा होता. मी म्हटलं, चिपळूणच्या मे महिन्यात लग्नाला सूट घालून बसलेला माणूस आहे मी.” त्या रबराच्या अंगरख्याला पाठीला चेन होती. डोळ्यांच्या जागी काचा होत्या पण त्यातून दिसायचं नाही; दिसायला गळ्यापाशी एक भोक होतं. चहा त्याच भोकातून नळीने पाजायचे.

“गप्प बसा आता, येतंय!” काकू म्हणाल्या.

राक्षस गावात शिरला होता. घरं, गोठे, पोस्टाचा डबा, सगळं पायाखाली गेलं. मग त्याचा पाय चर्चला लागला. मुद्दाम नव्हे, चालता चालता लागला. मनोरा हलला आणि आतली एवढीशी घंटा किण्ण करून खाली पडली. आणि त्या गावभर सत्यानाश करत आलेल्या राक्षसाने थांबून, कमरेत वाकून, नखं असलेला हात त्या चर्चला लावला आणि तोच हात स्वतःच्या छातीला लावला. मग सरळ उभा राहिला आणि चर्च मोडलं.

खोलीतल्या प्रत्येकाने त्या क्षणी उजवा हात छातीला लावला होता. काकूंनी, मीनाने, शेजारच्या पंजाबी आजींनीसुद्धा. ही त्या घराची दिवाळीची रीत होती. मी हसत हसत केव्हा हात लावला मलाही कळलं नाही.

“अरे, पाय लागला ना,” काका दरवर्षीसारखे ओशाळून म्हणाले. “देवाचं घर ते. कुणाच्या का देवाचं असेना. हात आपोआप गेला. मग आठवलं की आपल्याला पैसे मोडायचे मिळतात.”

“आधी नमस्कार, मग सत्यानाश,” काकू म्हणाल्या. “घरातही असंच करतात. घ्या चकली.”

चर्चचं मॉडेल एकच होतं आणि ते मोडलं होतं, त्यामुळे तो शॉट तसाच ठेवावा लागला. नावांच्या यादीत काकांचं नाव नाही. राक्षसाला नाव कशाला. पण जुन्या चित्रपटांची आवड असलेल्या मंडळींत तो क्षण हळूहळू प्रसिद्ध झाला. त्यावर लेख आले. राक्षसाला होणारा पश्चात्ताप, निसर्ग आणि धर्म यांचा संघर्ष, असं पुष्कळ काही त्यात विद्वानांना सापडलं. पाय लागला होता, हे कुणाला सापडलं नाही. काका ते लेख वाचायचे आणि म्हणायचे, “असेल बुवा. आतून मला एवढं दिसत नव्हतं.”

पुढच्या वर्षी तो चित्रपट कंपनीत सुधारायला आला.

आमच्या विभागाचा प्रमुख ज्युलियन. त्याला केसांची शेंडी होती आणि त्याच्या हुद्द्यात ‘एन्हान्समेंट’, म्हणजे सुधारणा, हा शब्द होता. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त असं मनापासून वाटायचं की जुने लोक जे करू शकले नाहीत तेच त्यांना करायचं होतं, आणि त्यांना काय करायचं होतं ते त्याला कळलेलं आहे. सुरुवातीचं काम मी आनंदाने केलं, हे इथे प्रामाणिकपणे लिहायला हवं. फिल्मवरची धूळ काढली, ओरखडे काढले. राक्षसावर सोडलेलं खेळण्यातलं हेलिकॉप्टर जिला टांगलं होतं ती तार पुसली. खाणीचं पाणी त्या मूळ फिल्मवर इतकं सुंदर होतं आणि इतकी वर्षं घाणीखाली दडलेलं होतं, की ते पहिल्यांदा स्वच्छ दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. मग राक्षसाच्या पाठीची चेन पुसायला सांगितली. तीही पुसली. राक्षसाला चेन नसावी, हे मला तेव्हा पटलं होतं. त्यानंतर ज्युलियनने सांगितलं की एकेक पुसत बसण्यापेक्षा राक्षसच काढून टाकू आणि नवा घालू. नव्याला खवले असणार होते, प्रत्येक खवला वेगळा हलणार होता. पडद्यावर चर्चचा शॉट थांबलेला होता आणि त्याच्या खाली ज्युलियनचा शेरा होता: कलाकाराची चूक, दुरुस्त करणे.

नवी आवृत्ती आली की जुनी बाजारातून काढून घेणार होते. दोन राक्षस असले की गिऱ्हाइकाचा गोंधळ होतो म्हणे. काकांकडची कॅसेट तर प्रत्येक दिवाळीला जास्तच मुंग्या दाखवू लागली होती. म्हणजे साळवीकाका जगात जिथे कुठे होते, तिथून ते आता पुसले जाणार होते, आणि पुसण्याचा पगार मला मिळणार होता. त्या वर्षाच्या शेवटी माझा व्हिसा वाढवायचा होता, आणि त्यावर सही ज्युलियनची लागणार होती. हे सगळं माझ्या डोक्यात होतं, आणि तरीही माझा हात वर्गात जातो तसा वर गेला.

“ही चूक नाही,” मी म्हणालो.

“डिग?” ज्युलियन मला डिग म्हणायचा. “राक्षस खाली वाकतो आणि छाती खाजवतो. ही चूकच आहे.”

मी त्याला समजावलं. आमच्याकडे पुस्तकाला, धान्याला, माणसाला, देवाच्या कशालाही पाय लागला की हात लावून नमस्कार करतात. त्या रबराच्या आत एक चिपळूणचा माणूस आहे आणि मी त्याच्या माडीवरच्या खोलीत राहतो. ज्युलियनचे डोळे मोठे होत गेले. मला वाटलं, जमलं. खरोखर जमलं होतं, पण भलतंच.

“हे विलक्षण आहे,” तो म्हणाला. “हे आपण ठेवायचं! नव्या राक्षसाला हेच करायला लावायचं, पण नीट, मोठं, लोकांना कळेल असं. त्यांना बोलव. त्यांच्याच अंगाची हालचाल घेऊ.”

काका इतके खूश झाले की त्यांनी केस कापून घेतले. काकूंनी डब्यात दडपे पोहे भरले, सगळ्या स्टुडिओला पुरतील एवढे. हालचाल टिपायची ती खोली मोठी आणि रिकामी होती, भिंतींवर सगळीकडे कॅमेरे. काकांना अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख घातला आणि त्यावर जागोजागी पांढरे छोटे गोळे चिकटवले. काकूंनी त्यांना पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

“अहो, बोरीचं झाड लगडल्यासारखे दिसताय.”

“तू खाली बस गं. काम आहे इथे.”

जमिनीवर दुधाच्या बाटल्यांचा एक प्लास्टिकचा क्रेट उलटा ठेवला होता आणि त्यावर चिकटपट्टीवर ‘चर्च’ लिहिलं होतं. काका चालत आले, क्रेटला पाय लावला, आणि उभे राहिले.

“आता तो हावभाव,” ज्युलियन म्हणाला.

“कशाला?” काकांनी विचारलं.

“तुमचा पाय चर्चला लागला.”

काकांनी खाली पाहिलं. “साहेब, हा क्रेट आहे.”

ज्युलियन हसला, मी हसलो, पुन्हा सुरुवात झाली. काका भले गृहस्थ. त्यांनी प्रयत्न केला. वाकले, क्रेटला हात लावला, छातीला लावला. कॉम्प्युटरवर ते एखाद्या म्हाताऱ्याने खाली पडलेली चष्म्याची काडी उचलावी तसं दिसत होतं. पुन्हा. आणखी सावकाश. आणखी भाव घालून. काका घामाघूम झाले. रबरात दिवस काढलेला माणूस एका क्रेटपुढे थकला. शेवटी कंटाळून म्हणा किंवा शेवट म्हणून म्हणा, त्यांनी क्रेटसमोर दोन्ही हात जोडून मान झुकवली.

“हे!” ज्युलियन ओरडला. “हे लगेच कळतं!”

मग चहाची सुट्टी झाली. कॅमेरे बंद झाले. काका डब्याकडे निघाले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “दिगू, यांना सांग पोह्यांत शेंगदाणे आहेत, कुणाला ॲलर्जी —” आणि त्यांचा पाय जमिनीवर पडलेल्या कुणाच्या तरी स्क्रिप्टच्या कागदांना लागला. बोलणं न थांबवता ते वाकले, कागदांना बोटं लावली, हात छातीला नेला, “— असेल तर वेगळं काढून ठेव,” आणि पुढे गेले. तोच नमस्कार. अगदी तोच, काळ्या-पांढऱ्या फिल्मवरचा, तितकाच घाईचा आणि तितकाच खरा. ज्युलियन समोरच उभा होता, हातात सँडविच. तो थेट काकांकडे पाहत होता. त्याला काहीही दिसलं नाही. भिंतींवरच्या एवढ्या सगळ्या कॅमेऱ्यांनी तर आधीच डोळे मिटले होते.

परत येताना गाडीत काकांनी मला विचारलं, “माझं काम बरं झालं का रे?” वरून विमान गेलं. ते गेल्यावरही मी काही बोललो नाही.

दिवाळीच्या आधी परवानगी काढून मी नव्या आवृत्तीची एक चाचणीची डिस्क घरी आणली. ताटं आली, मीना आली, पंजाबी आजी आल्या. राक्षस खाणीतून निघाला. काय वर्णावं! खवल्याखवल्यावर पाणी चमकत होतं. अंगात हाडं, हाडांवर स्नायू, डोळ्यांत शिरा. फक्त त्याच्या पायाला वजन नव्हतं. तो गाव तुडवत होता की गावावरून पाण्यातल्यासारखा तरंगत होता, ते कळत नव्हतं. चर्च आलं. घंटेचा किण्ण काढून तिथे मोठा गंभीर नाद भरला होता. राक्षस थांबला, कॅमेरा त्याच्याभोवती फिरला, आणि राक्षसाने विमान कंपनीच्या जाहिरातीतल्या बाईसारखे दोन्ही पंजे जोडून मान कलती केली.

कुणाचाही हात छातीला गेला नाही. पंजाबी आजींचा अर्धा वर आला होता, तो त्यांनी परत ताटातल्या करंजीवर नेला.

“हा कोण आहे?” मीना म्हणाली. “दिगू, सीरियसली. माझी मॉन्स्टर कुठे गेला?”

“पाणी छान केलंय,” काका म्हणाले. “अगदी खरं पाणी वाटतं.” मग करंजी मोडत, “चेन काढलीत ते बरं केलंत. मला नेहमी लाज वाटायची.”

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे बराच वेळ नळ वाहत राहिला.

सोमवारी मी ज्युलियनच्या दारात उभा राहिलो. जुना चित्रपटही डिस्कवर घाला, एवढंच मागायचं होतं. आधी मी खरं तेच बोललो. म्हणालो की जुन्या शॉटमध्ये एक माणूस आहे, आणि नव्यात नाही. ज्युलियनने सहानुभूतीने ऐकलं. म्हणाला, “डिग, तुझ्या भावना समजतात. पण आपण त्याला जास्त चांगलं बनवलंय.” आणि घड्याळाकडे पाहिलं. व्हिसाचे कागद त्याच्या टेबलावरच एका कोपऱ्यात पडले होते, अजून सही न झालेले. मी दारापर्यंत गेलो. तिथे मला मशीनलाइन फिरवून घेणारे काका आठवले, आणि मी मागे वळलो.

“एक काळजी वाटते,” मी म्हणालो. “आपण किती सुधारलंय, हे लोकांना कळणार कसं?”

“म्हणजे?”

“जुनं पाहिलंच नाही, तर नवं किती चांगलं आहे ते कुणाला समजणार? आपण लोकांना कशातून सोडवलं, तेही दाखवायला हवं. चेन, तारा, सगळं. आधी आणि नंतर.”

ज्युलियन खुर्चीत मागे रेलला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. “बिफोर अँड आफ्टर,” तो पुटपुटला. “आख्खा जुना चित्रपट, पुरावा म्हणून.” मग उठून त्याने माझा हात हातात घेतला. “आता तू या कामाचं मर्म ओळखलंस.” सही त्याने तिथेच केली.

मी जुन्या फिल्मवरची फक्त धूळ काढली. हेलिकॉप्टरची तार परत आणली, चेन परत आणली, घंटेचा किण्ण परत आणला. ज्युलियन अधूनमधून मागे उभा राहून म्हणायचा, “वा, किती वाईट दिसतंय!” आणि मी म्हणायचो, “अजून बाकी आहे.” एवढं मन लावून मी पुढे कुठलंच काम केलं नाही.

आता इतक्या वर्षांनी सांगतो: तो नवा राक्षस आज कुणी पाहत नाही. माझ्या मुलांनी पाहिला आणि विचारलं, हा कुठला जुना व्हिडिओ गेम? खवले म्हातारे झाले, रबर झालं नाही. फिल्म क्लबवाले जुनाच लावतात. ज्युलियन अलीकडे व्याख्यानं देतो असं कानावर आहे, विषय ‘हाताने केलेल्या इफेक्ट्सचा आदर’. मी त्याचं मनापासून अभिनंदन करतो. अशा विषयावर बोलायला माणूस अनुभवी असावा.

डिस्क बाजारात आली तोवर काकांचे गुडघे जिना चढू देईनासे झाले होते आणि दोघं मीनाकडे इल्फर्डला राहायला गेले होते. स्लाऊच्या घरात रेडिएटरवर आता माझेच पंचे वाळत होते. मी एक डिस्क पाकिटात घातली आणि हे पत्र बरोबर ठेवलं. काका गेल्यावर मीनाने ते मला परत दिलं, म्हणून जसंच्या तसं इथे उतरवता येतं.

ती. काकांस,

साष्टांग नमस्कार. काकूंना व मीनाला सांगावे. इकडे सर्व ठीक. बाजरीचं पीठ मीच आणतो, पण भाकरी फुगत नाही. रुबार्बची आमटी बरी जमते. विमान आलं की मी एकटा असलो तरी थांबतो.

सोबत डिस्क पाठवतो आहे. ती लावली की आधी आपोआप नवा पिक्चर सुरू होईल. त्यातल्या राक्षसाकडे लक्ष देऊ नका, तो आपल्यापैकी नाही. मीनाला मेन्यूवर जायला सांगा. अगदी खाली, बारीक अक्षरांत ‘बिफोर’ लिहिलंय. ते दाबा.

गाडीत तुम्ही मला विचारलं होतं की माझं काम बरं झालं का. विमान गेल्यावरही मी गप्प बसलो, कारण ज्युलियनच्या त्या कॅमेऱ्यांच्या खोलीतलं तुमचं काम बरं झालं नव्हतं, आणि ते बरं होण्यासारखंही नव्हतं. काका, तुमचं काम पहिल्याच वेळी बरं झालं होतं. ते परत करायला बोलावलं ही आमची हौस.

दिवाळीला मला रजा नाही. चकल्या झाल्या की सगळे बसून लावा, आणि चर्च आलं की माझाही एक हात धरा. तुमच्या पाठीला चेन आहे. हेलिकॉप्टरला तार आहे. घंटा किण्ण करूनच पडते. धूळ तेवढी पुसली आहे. बाकी मी काहीही सुधारलेलं नाही.

आपला,
दिगू